विश्लेषण : गुलामगिरीला वाईट म्हणणारे जनरल ली खरोखर गुलामगिरीविरोधी होते का?

अमेरिकेतील रिचमंड शहरात १८९० पासून उभा असलेला जनरल रॉबर्ट ई. ली यांचा अश्वारूढ पुतळा ८ सप्टेंबर २०२१ रोजी हटवण्यात आला. ली यांच्या बाजूने एक दावा नेहमी केला जातो. त्यांना गुलामगिरी मान्य नव्हती, उलट त्यांना हरवणारे युलिसिस ग्रँट हेच गुलामांचे मालक होते, असा तो दावा. त्यात तथ्य किती?

ली कोण होते?

जन्म १९ जानेवारी १८०७, व्हर्जिनिया. वडील स्वातंत्र्ययुद्धातील घोडदळाचे नामांकित अधिकारी, पुढे कर्जात बुडालेले. ली १८२९ मध्ये वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतून दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि मेक्सिको युद्धात गाजले. १८६१ मध्ये संघराज्याच्या सैन्याचे नेतृत्व त्यांना देऊ करण्यात आले, पण आपल्या राज्याविरुद्ध शस्त्र उचलणार नाही म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि ते दक्षिणेकडून लढले.

दावा कुठून आला?

डिसेंबर १८५६ मध्ये पत्नीला लिहिलेल्या पत्रातून. त्यात त्यांनी गुलामगिरी नैतिकदृष्ट्या वाईट असल्याचे म्हटले आहे. दावा करणारे इथेच थांबतात. पुढे त्याच पत्रात ते म्हणतात की या प्रथेचा त्रास काळ्यांपेक्षा गोऱ्यांनाच अधिक होतो, काळे लोक आफ्रिकेपेक्षा इथेच बरे आहेत आणि त्यांची सुटका कधी करायची ते देव ठरवील. म्हणजे कुणीच काही करायचे नाही!

सासऱ्यांचे मृत्युपत्र

मतांपेक्षा वर्तन अधिक बोलके ठरते. १८५७ मध्ये सासरे वारले. आपल्या जवळपास दोनशे गुलामांना पाच वर्षांच्या आत मुक्त करावे, असे त्यांच्या मृत्युपत्रात होते आणि ते अमलात आणण्याची जबाबदारी ली यांच्यावर आली. मालक गेला की आपण सुटणार, अशी गुलामांची समजूत होती. इस्टेटीवर मात्र कर्ज होते. ली यांनी सैन्यातून रजा घेतली, गुलामांकडून कामे करून घेतली, काहींना भाड्याने इतरांकडे पाठवले.

१८५९ मध्ये वेस्ली नॉरिस हा तरुण गुलाम बहीण आणि चुलत भावासह पळाला. मेरीलँडमध्ये ते पकडले गेले. नॉरिसने १८६६ मध्ये दिलेल्या जबानीनुसार, ली यांच्या हुकमावरून आणि त्यांच्या समोर पुरुषांना प्रत्येकी ५० फटके, तर बहिणीला २० फटके मारण्यात आले. मुकादमाने फटके मारायला नकार दिला, तेव्हा कॉन्स्टेबलने ते काम केले. नंतर जखमांवर मिठाचे पाणी चोळले गेले. ली यांनी हे आरोप खोटे असल्याचे खासगीत सांगितले, पण पळालेल्यांना पकडण्यासाठी कॉन्स्टेबलला दिलेल्या पैशांची नोंद त्यांच्याच हिशेबात आहे. पाच वर्षांची मुदत वाढवून मिळावी म्हणून ते न्यायालयातही गेले होते. अखेर २९ डिसेंबर १८६२ रोजी त्यांनी मुक्तिपत्रावर सही केली.

युद्धात काय झाले?

१८६३ मध्ये पेनसिल्व्हेनियात शिरलेल्या त्यांच्या सैन्याने काळ्या नागरिकांना पकडून दक्षिणेत गुलामगिरीत पाठवले. १८६४ मध्ये ग्रँट यांच्याशी युद्धकैद्यांची अदलाबदल करताना, पूर्वी गुलाम असलेल्या सैनिकांना परत देण्यास ली यांनी नकार दिला.

आणि ग्रँट?

त्यांच्याकडे एक गुलाम होता, हे खरे. विल्यम जोन्स त्याचे नाव. पत्नीच्या माहेरचे गुलामही घरात राबत. पण १८५९ मध्ये, हातात पैसा नसताना, ग्रँट यांनी जोन्सला विकण्याऐवजी मुक्त केले.

काळच तसा होता?

हा युक्तिवाद करताना नॉरिसही त्याच काळातला होता, हे विसरले जाते. जोतीराव फुलेही त्याच काळातले. ली १८७० मध्ये वारले आणि १८७३ मध्ये फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केला.

पुतळ्यांबाबत मात्र ली यांचे स्वतःचे मत वेगळे होते. युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत, म्हणून स्मारके उभारू नयेत, असे त्यांनी १८६९ मध्ये कळवले होते. शार्लट्सव्हिल येथील त्यांचा पुतळा २०२३ मध्ये वितळवण्यात आला.