‘शारदा’ला मंचावर बोलतं करणारे गोविंद बल्लाळ देवल

नागपूर : लग्नसराई आटोपते आणि जून लागतो. याच महिन्यातली १४ तारीख म्हणजे नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचा स्मृतिदिन. १९१६ साली ते गेले. आजच्या तरुण पोरांना देवलांचं नाव ठाऊक नसेलही. पण ‘संगीत शारदा’ म्हटलं की घरातल्या आजी-आजोबांना लगेच आठवतं. पैशासाठी बापाने म्हाताऱ्याला द्यायला काढलेल्या पोरीचं ते नाटक.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा. गाव हरिपूर, सांगलीला अगदी लागून, कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या संगमावर. नाटकाची हवा त्या भागात आधीपासूनच होती. देवलांच्या जन्माआधी बारा वर्षं, म्हणजे १८४३ मध्ये, सांगलीतच विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं होतं. मराठी नाटकाची सुरुवात तिथून धरतात. म्हणजे मराठी रंगभूमीचा पडदा उघडला तोच एका लग्नावर! मात्र ते लग्न देवाघरचं होतं. राम, सीता, शिवधनुष्य असा सगळा थाट. साध्या घरातल्या पोरीचं लग्न कसं ठरतं, तिला कुणी विचारतं का, हे तेव्हा मंचावर येत नव्हतं.

शिक्षणासाठी देवल बेळगावला गेले आणि तिथे त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर भेटले. त्या भेटीने पुढचं सगळं आयुष्य ठरलं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. देवल किर्लोस्करांचे शिष्य म्हणून मंडळीत आले. त्यांनी कामं केली, पण त्यांचा खरा हातखंडा तालमीत. वाक्य कसं टाकायचं, पाऊल कुठे थांबवायचं, गाताना चेहऱ्यावर काय दिसलं पाहिजे, हे ते नटाकडून घोटून घेत.

यातलं सगळ्यात अवघड काम होतं पुरुषाला बाई म्हणून उभं करण्याचं. तेव्हा चांगल्या घरातली बाई मंचावर येणं म्हणजे घराण्याची अब्रू गेली, असा समज होता. त्यामुळे शकुंतला पुरुष, सुभद्रा पुरुष आणि त्यांच्या मैत्रिणीही पुरुषच. भाऊराव कोल्हटकर नऊवारी नेसून सुभद्रा करत आणि लोक त्यांच्या आवाजावर वेडे होत. आपल्याकडे झाडीपट्टीतल्या लोकांना हे नवं वाटणार नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. आज त्यात बाया काम करतात, पण आधी तिथेही पुरुषच लुगडं नेसून उभे राहत.

देवलांनी एकूण सात नाटकं लिहिली. त्यातली सहा संस्कृत किंवा इंग्रजी नाटकांवरून घेतलेली. ‘मृच्छकटिक’ मध्ये वसंतसेना ही गणिका आहे. ‘झुंजारराव’ हे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून केलेलं, त्यात नवरा संशयाने पेटतो आणि निर्दोष कमळजाचा जीव घेतो. ‘दुर्गा’ मध्ये नवरा मेला असं समजून बाई दुसरं लग्न करते आणि पहिला नवरा जिवंत परत येतो. कथा परक्या असल्या तरी देवलांच्या मनात काय घोळत होतं ते यावरून कळतं. लग्नात बाईच्या वाट्याला काय येतं, हाच प्रश्न पुन्हा पुन्हा.

सातवं नाटक मात्र पूर्ण त्यांचं स्वतःचं. ‘संगीत शारदा’. १८९९ च्या जानेवारीत किर्लोस्कर मंडळीने इंदूरला त्याचा पहिला प्रयोग केला.

भुजंगनाथ पंचाहत्तरीचा, पैसेवाला. बायको वारली, पण लग्नाची हौस काही सुटत नाही. शारदा चौदा वर्षांच्या आसपासची. तिचा बाप कांचनभट लोभी. भद्रेश्वर दीक्षित नावाचा मध्यस्थ दोन्हीकडे गोड बोलून सौदा जुळवतो. आई इंदिरा तळमळते, पण घरात तिचं चालत नाही. शारदेच्या मैत्रिणी, त्यातही वल्लरी, म्हाताऱ्या नवऱ्यावरून थट्टा करतात आणि हसता हसता प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो.

हे सगळं नुसतं कल्पनेतलं नव्हतं. याला तेव्हा जरठ-कुमारी विवाह म्हणत, आणि मुलीसाठी पैसे घेण्याला कन्याविक्रय. ब्राह्मण घरांत मुलगी आठ-दहाची झाली की लग्न उरकत. पुरुषाची बायको मेली तर तो पुन्हा लग्न करणार. पण विधवेशी करायचं नाही, मग उरते ती लहान पोरगीच. नवरा पन्नाशी-साठीचा असला की काही वर्षांत ती विधवा होणार, केस जाणार, लाल आलवण नेसून कोपऱ्यात बसणार. विधवाविवाहाला कायद्याने १८५६ सालीच मुभा दिली होती, पण समाज तयार नव्हता. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, त्यावर केवढा गदारोळ उठला! तरी त्या कायद्याने वयाची अट दहावरून बाराच झाली, आणि तीही शरीरसंबंधापुरती. पोरीचं लग्न कोणत्या वयात लावावं, याला कायद्याची आडकाठीच नव्हती.

देवलांनी यावर भाषण ठोकलं नाही. त्यांनी पोरीला बोलू दिलं. शारदेची पदं घरगुती मराठीत आहेत, आईशी बोलावं तशी. जड संस्कृत शब्द नाहीत. म्हणूनच ती नाटकगृहाबाहेर पडून घराघरात पोचली. वर्तमानपत्रातला वाद ज्या बायकांपर्यंत जात नव्हता, त्यांच्यापर्यंत गाणं गेलं.

पण नाटकातलं लग्न मोडतं कशाने, ते नीट पाहण्यासारखं आहे. शारदा नको म्हणते म्हणून नाही. नवरा-नवरीचं गोत्र एकच निघतं म्हणून! म्हणजे पोरीच्या नकाराला किंमत नाही, शास्त्राच्या नियमाला आहे. पुढे ती अर्धवट लग्नाची मुलगी कोण करणार, हा प्रश्न येतो. शारदा नदीवर जीव द्यायला जाते, कोदंड नावाचा तरुण तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीने त्यांचं लग्न होतं. इथे देवलांचा हात थोडा आखडला असं म्हणावं लागेल. की तेव्हाचा प्रेक्षक त्यांना बरोबर माहीत होता? धर्माच्या नियमानेच लग्न मोडलं, त्यामुळे सनातनी माणसालाही ते गिळावं लागलं. आणि एक गोष्ट उरतेच. पोरीचं हे दुःख मंचावर सांगणाराही पुरुषच होता.

पुढे १९२९ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचं वय किमान चौदा, मुलाचं अठरा. महाराष्ट्रात त्याला शारदा कायदाच म्हणतात आणि पुष्कळांना वाटतं, नाव नाटकावरून पडलं. तसं नाही. अजमेरच्या हरबिलास सारडा यांनी तो मांडला, त्यांच्या आडनावावरून ते नाव. आपल्याकडे सारडाचं शारदा झालं, कारण कानाला तोच शब्द ओळखीचा होता.

देवलांनी तालमी शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. १९०५ मध्ये नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत आले. त्यांनाही देवलांनीच घडवलं. बालगंधर्वांनी पुढे शारदाही केली. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, तेव्हा देवल तिच्या पाठीशी होते. तिच्यासाठी त्यांनी आपल्या जुन्या गद्य ‘फाल्गुनरावा’ला पदं घालून ‘संगीत संशयकल्लोळ’ केलं. ‘झुंजारराव’मध्ये ज्या संशयाने बाईचा जीव घेतला, त्याच संशयाची इथे फजिती. फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो, बायको कृत्तिका उलट त्याच्यावर घेते, आणि प्रेक्षक पोट धरून हसतो.

तो प्रयोग देवलांना पाहायला मिळाला नाही. जूनमध्ये ते गेले आणि त्याच वर्षी नाटक मंचावर आलं. रेवतीच्या भूमिकेत बालगंधर्व होते.