डॉक्टर आनंदीबाई जोशी

आज मी तुम्हाला डॉक्टर आनंदीबाई जोशी यांची माहिती सांगते. परदेशात जाऊन डॉक्टरची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेर कल्याणचं. वडिलांचं नाव गणपतराव जोशी. माहेरी तिला यमुना म्हणत. नऊ वर्षांची असतानाच तिचं लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झालं. ते पोस्टात कारकून होते आणि तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. त्यांची पहिली बायको वारली होती. लग्नानंतर यमुनाचं नाव आनंदी ठेवलं. मी आता दहा वर्षांची आहे. म्हणजे माझ्याहून लहान असताना तिचं लग्न झालं.

बायकोला शिकवायचंच, असा गोपाळरावांचा हट्ट होता. ते स्वतः तिला शिकवत. लोक हसायचे, नावं ठेवायचे, पण त्यांनी ऐकलं नाही. मात्र ते फार तापट होते. आनंदीबाईंना मारायचेसुद्धा. मोठेपणी आनंदीबाईंनी पत्रातून हे त्यांना स्पष्ट लिहिलं. शिकवलं ते चांगलं केलं आणि मारलं ते वाईट केलं, असं मला वाटते.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहाच दिवस जगला. त्या वेळी बायांना तपासायला बाई डॉक्टर नव्हती. पुरुष डॉक्टरला दुखणं सांगायला बायांना लाज वाटायची. म्हणून आनंदीबाईंनी ठरवलं, आपणच डॉक्टर व्हायचं.

गोपाळरावांनी एका अमेरिकन पाद्रीसाहेबांना पत्र लिहिलं होतं. ते तिकडच्या मासिकात छापून आलं. रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या दवाखान्यात बसल्या होत्या. तिथे त्यांनी ते वाचलं. हे १८८० साल होतं. त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठवलं. मग दोघींची पत्रं सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं, तरी त्या मावशी-भाची झाल्या.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमधल्या श्रीरामपूरला झाली. ते कलकत्त्याजवळ आहे. आता कलकत्त्याला कोलकाता म्हणतात. आपल्या भंडारा रोड स्टेशनावरची रेल्वे एकीकडे कल्याणला आणि दुसरीकडे कोलकात्याला जाते. पण तेव्हा ही लाइन तिकडपर्यंत पूर्ण झालेली नव्हती.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण केलं आणि आपण अमेरिकेला का जातो ते सर्वांना सांगितलं. एप्रिल महिन्यात त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. गोपाळराव सोबत नव्हते. वय अठरा वर्षं. जूनमध्ये बोट न्यूयॉर्कला पोचली, तेव्हा मावशी न्यायला आली होती.

फिलाडेल्फिया शहरात बायांचं मेडिकल कॉलेज होतं. तिथे त्या शिकल्या. तिकडे थंडी फार आणि जेवण वेगळं. त्या लुगडं नेसत आणि मांस खात नसत. तब्येत बिघडत गेली, पण अभ्यास सोडला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. पदवी घेताना पाहायला पंडिता रमाबाई आल्या होत्या.

कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांना बायांच्या विभागाचं काम मिळालं होतं. पण त्यांना क्षय झाला होता. त्यावर तेव्हा औषध नव्हतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. आता क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. रोज न चुकता घेतलं तर माणूस बरा होते.

त्यांची रक्षा मावशीकडे अमेरिकेला पाठवली. पोकिप्सी गावात कार्पेंटर घराण्याच्या जागेत ती ठेवली आहे. तिथे दगडावर आनंदीबाईंचं नाव आहे. म्हणजे त्या घरानं त्यांना आपलीच लेक मानलं. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही त्यांचं नाव दिलं आहे.

पालकहो, आपल्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग आहेत. पाचवीसाठी तीन किलोमीटर जावं लागते. आनंदीबाई समुद्रापार गेल्या. आमच्या वर्गात सात मुली आहेत. आम्हा सातही जणींना पाचवीत पाठवा, एवढंच माझं सांगणं आहे.