तीन पेन्सांचा प्रश्न

धर्मगुरूंचे वेतन कोणी द्यावे, हा प्रश्न वरकरणी हिशेबाचा वाटतो. वस्तुतः तो सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा आहे. हे ज्यांनी नेमके ओळखले त्या जेम्स मॅडिसन यांना जग अमेरिकेच्या राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळखते. तथापि त्यांची एक मोठी लढाई त्याआधीच, व्हर्जिनियात, एका करावरून झाली होती.

मॅडिसन १७५१ मध्ये व्हर्जिनियातील एका सधन मळेवाल्याच्या घरी जन्मले. त्या वसाहतीत अँग्लिकन चर्च राजमान्य होते. धर्मगुरूचे वार्षिक वेतन सोळा हजार पौंड तंबाखू असे कायद्याने ठरलेले होते आणि त्यासाठीची पट्टी बॅप्टिस्ट व प्रेस्बिटेरियन कुटुंबांनाही भरावी लागे. परवान्यावाचून प्रवचन करणारे बॅप्टिस्ट उपदेशक तर तुरुंगात पडत. प्रिन्स्टनचे शिक्षण आटोपून परतलेले मॅडिसन स्वतः अँग्लिकन कुटुंबातले. तरीही शेजारच्या परगण्यातील या बंदिवासाने ते व्यथित झाले. १७७६ मध्ये व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात धार्मिक सहिष्णुतेचे कलम यावयाचे होते. पंचविशीतल्या मॅडिसन यांनी ते बदलवून घेतले. सहिष्णुता ही अखेर बलवानाची मेहेरबानी. धर्माचरणाचा अधिकार मात्र सर्वांचा सारखाच, ही त्यांची भूमिका होती.

जुनी पट्टी पुढे रद्द झाली. परंतु १७८४ मध्ये पॅट्रिक हेन्री यांनी नव्या कराची योजना पुढे आणली. कर सर्वांनी द्यावा, तो कोणत्या ख्रिस्ती पंथाला मिळावा हे करदात्याने सांगावे, न सांगितल्यास पैसा शिक्षणाकडे जावा. योजना उदार दिसत होती. वॉशिंग्टन यांनाही तीत फारसे वावगे वाटले नाही. पण मॅडिसन सावध झाले. हेन्री गव्हर्नर होऊन विधिमंडळाबाहेर गेले, निर्णय पुढील वर्षावर ढकलला गेला, आणि त्या अवधीत, १७८५ मध्ये, मॅडिसन यांनी निनावी निवेदन लिहिले.

त्यातील युक्तिवाद साधा होता. जे सरकार धर्मासाठी नागरिकाकडून तीन पेन्स सक्तीने घेऊ शकते, ते उद्या त्याच्यावर एखादा पंथही लादू शकते. शिवाय राजाश्रयाने धर्म बळावत नाही. उलट धर्मगुरू आळशी व गर्विष्ठ होतात. गावोगावच्या अर्जांवर हजारो सह्या झाल्या. त्यांत धर्मनिष्ठ बॅप्टिस्टच आघाडीवर होते, हे विसरता येत नाही. विधेयक बारगळले आणि जानेवारी १७८६ मध्ये जेफर्सन यांनी पूर्वीच रचलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मॅडिसन यांनी संमत करून घेतला. जेफर्सन तेव्हा पॅरिसमध्ये होते.

हेच तत्त्व १७९१ मध्ये संघराज्याच्या घटनेतील पहिल्या दुरुस्तीत आले. राज्यांना ते तेव्हा बंधनकारक नव्हते; मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चचा कर १८३३ पर्यंत टिकला. अध्यक्षपदी असताना मॅडिसन यांनी १८११ मध्ये एका चर्चला कायद्याने मान्यता देणारे विधेयकही परत पाठविले.

या चरित्राला काळी किनार आहे. तीन पेन्सांची सक्ती ज्यांना असह्य झाली, ते जन्मभर गुलामांचे मालक राहिले. १८३६ मध्ये वारले तेव्हा मृत्युपत्रातही त्यांनी त्यांना मुक्त केले नाही. ही विसंगती झाकण्याचे कारण नाही. परंतु त्यांचा मूळ मुद्दा तिने खोटा ठरत नाही. सक्ती जुलमाच्या रूपात आली की लोक तिला विरोध करतात. ती औदार्याच्या रूपात येते तेव्हाच खरी पारख होते.