म्हाइंभटांचे अटन
गोदातीरीचा सपाट मुलूख; तेथील वाटा पैठणच्या पेठेकडे वळत. वाणी त्या वाटांनी माल नेत; म्हाइंभट त्याच मुलखातून लीळांसाठी हिंडले. सराळ्याचे हे संपन्न शास्त्री विद्याभिमानाने सर्वज्ञांकडे आले आणि निरुत्तर होऊन शरण गेले. सर्वज्ञांच्या उत्तरापंथगमनानंतर आचार्य श्रीनागदेवांच्या अनुज्ञेने त्यांनी लीळासंकलनाचे व्रत घेतले. ज्या भक्ताने लीळा प्रत्यक्ष पाहिली, त्याच्या गावी पायी जावे, त्याच्या सवडीने ऐकावे आणि आचार्यांकडून शोधून घ्यावे, हा त्यांचा नेम. शके १२०० च्या सुमारास ऋद्धिपुरी लीळाचरित्र सिद्ध झाले. पंडिताने घरी बसून तर्काने लिहिले असते, तर सर्वज्ञांची वचने हरपली असती. साधकानेही अभिमान सांडून अटन करावे, ते श्रवणासाठीच.