लेव्हिसचे आल्फोन्स देजार्दें व त्यांची लोकपेढी

ज्युबिलीच्या या मंगल वर्षी आपण आपल्या ख्रिस्तमंदिराचा पाया घालणाऱ्यांचे, त्यासाठी दगडमाती वाहणाऱ्यांचे व घरोघर फिरून वर्गणी जमविणाऱ्यांचे कृतज्ञतेने स्मरण करीत आहो. त्यांपैकी बहुतेकांनी मोबदल्याची अपेक्षा केली नाही, आणि त्यांची नावे कोणत्याही शिलेवर कोरलेली नाहीत. अशा निर्वेतन सेवेचे मोल काय असते, हे ध्यानात यावे म्हणून दूर कानडा देशातील एका कॅथलिक गृहस्थाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे. हा गृहस्थ धर्मगुरू नव्हता, धनिकही नव्हता. पोटासाठी लेखणी चालविणारा तो एक प्रापंचिक मनुष्य होता. परंतु त्याने गरिबांच्या पैशाला आपल्याच गावात राहून आपल्याच माणसांची सेवा करावयास शिकविले.

आल्फोन्स देजार्दें यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५४ रोजी क्वेबेक प्रांतातील लेव्हिस या गावी झाला. सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावर, क्वेबेक शहरासमोर हे गाव वसलेले आहे. पंधरा भावंडांत आल्फोन्स आठवे. घरी दारिद्र्य होते. वडिलांची प्रकृती बेताची, त्यात मद्याचे व्यसन. संसाराचा गाडा ओढण्यासाठी आईला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी मोलमजुरी करावी लागे. गरिबाच्या घरी एकेका नाण्याचा हिशेब कसा ठेवावा लागतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. लेव्हिसच्या कॉलेजात १८७० पर्यंत शिक्षण घेऊन त्यांनी वृत्तपत्रव्यवसाय पत्करला. पुढे प्रांतिक विधिमंडळातील भाषणांचे वृत्तान्त ते प्रसिद्ध करू लागले, आणि १८९२ साली ओटावा येथील राष्ट्रीय पार्लमेंटात फ्रेंच भाषेचे लघुलेखक म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८७९ साली त्यांचा विवाह दोरिमेन या सोरेल गावी जन्मलेल्या युवतीशी झाला होता. या दांपत्याला दहा अपत्ये झाली.

लघुलेखकाचे काम म्हणजे दुसऱ्याचे बोलणे निमूटपणे टिपून घेणे. परंतु ६ एप्रिल १८९७ रोजी जे बोलणे त्यांच्या कानी पडले, ते केवळ कागदावर राहिले नाही. मायकेल क्विन नावाचे सभासद सावकारी व्याजाला आळा घालणारे विधेयक मांडीत होते. मॉन्ट्रिऑलच्या एका मनुष्यास १५० डॉलरच्या कर्जापायी ५,००० डॉलर व्याज भरण्याचा न्यायालयाचा हुकूम झाल्याचे उदाहरण त्यांनी सभागृहापुढे ठेवले. ते ऐकून देजार्दें यांचे अंतःकरण हलले. कायद्याने सावकाराचा हात धरता येईल. पण अडल्यानडलेल्या माणसाला उद्या बियाण्यासाठी, हत्यारांसाठी अथवा छोट्या दुकानातील मालासाठी पैसा कोण देणार, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

त्या काळी मोठ्या बँकांची दारे लहान शेतकऱ्याला व कारागिराला बंदच होती. गावात साचलेला पैसा शहरात जाई आणि गावकरी कर्जासाठी सावकाराच्या पायरीशी जाई. रोजगाराच्या शोधात हजारो फ्रेंच कुटुंबे क्वेबेकची शेते सोडून अमेरिकेतील गिरण्यांकडे निघून गेली होती. गाव ओस पडला म्हणजे देऊळही ओस पडते, ही व्यथा तेथील धर्मगुरूंनाही जाचत होती. शिवाय पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या स्थितीविषयी काढलेल्या परिपत्रकाने विचारी कॅथलिकांना जागे केले होते.

देजार्दें यांनी घाई केली नाही. पार्लमेंटाच्या ग्रंथालयात त्यांना हेन्री वुल्फ यांचा लोकांच्या पेढ्यांविषयीचा ग्रंथ सापडला. त्यांनी वुल्फ यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला व त्यांच्या ओळखीने युरोपातील इतर सहकारी पुढाऱ्यांशीही. जर्मनीतील राइफायझेन, इटलीतील लुझ्झात्ती इत्यादिकांच्या पद्धतींचा त्यांनी सुमारे तीन वर्षे अभ्यास केला, आणि त्यातून आपल्या लोकांना मानवेल अशी घडण तयार केली. या पेढीला त्यांनी नाव दिले ‘केस पोप्युलेर’, म्हणजेच लोकपेढी.

तिचे नियम साधे होते. भागाची किंमत ५ डॉलर. पण ती आठवड्याला १० सेंट देऊनही फेडता येई. कोणाचे भाग कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. कर्ज सभासदालाच मिळे आणि तेही कामाचे कारण पाहून. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेढीची हद्द धर्मग्रामाइतकीच असे. जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, दर रविवारी एकाच वेदीपुढे गुडघे टेकतो, तेथे मनुष्याचा प्रामाणिकपणा हेच मोठे तारण ठरते. श्रीमंताजवळ जमीनजुमला असतो; गरिबाजवळ त्याची अब्रू असते. त्या अब्रूची किंमत पैशात धरणारी संस्था देजार्दें यांनी काढली, हेच त्यांचे खरे कर्तृत्व होय.

६ डिसेंबर १९०० रोजी लेव्हिस येथे लोकपेढीची स्थापना झाली आणि २३ जानेवारी १९०१ पासून व्यवहार सुरू झाला. पहिल्या दिवशीची एकूण जमा २६ डॉलर ४० सेंट. पेढीची कचेरी म्हणजे देजार्दें यांचे राहते घर. पार्लमेंटाचे अधिवेशन भरले की त्यांना महिनेच्या महिने ओटावास राहावे लागे. अशा वेळी, विशेषतः १९०३ ते १९०६ या काळात, पेढीचा कारभार दोरिमेनबाईंनी पाहिला. लेकरांचा सांभाळ करता करता ही माउली सभासदांचे पैसे स्वीकारी, चोपड्या लिही व रोकड जपून ठेवी. आणि या कामाचे वेतन तिने घेतले नाही.

या सेवेमागे मोठी जोखीम होती. पेढीला कायद्याची मान्यता नव्हती. उद्या तोटा आला असता तर त्याची झळ देजार्दें यांच्या घरादाराला लागली असती. ठेवी जसजशा वाढू लागल्या, तसतशी त्यांची झोप उडाली. लोक विश्वासाने पैसा आणून देत होते आणि त्याच विश्वासाचे ओझे त्यांच्या खांद्यावर वाढत होते. १९०५ च्या सुमारास तर पेढी मोडून सर्वांचे पैसे परत करावे, असा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. पत्नीच्या धीराने ते तगले. अखेर मार्च १९०६ मध्ये क्वेबेकच्या विधिमंडळाने सहकारी मंडळ्यांचा कायदा मंजूर केला आणि लोकपेढीच्या पायाखाली पक्की जमीन आली.

सर्व देशासाठी असाच कायदा व्हावा म्हणून त्यांनी पुष्कळ खटपट केली. किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेने त्याला विरोध केला. सहकारी दुकाने निघून आपला धंदा बसेल, असे भय तिला वाटत होते. १९०८ साली लोकसभागृहाने ते विधेयक एकमताने मंजूर केले, पण सीनेटमध्ये ते एका मताने पडले. देजार्दें निराश होऊन बसले नाहीत. राजधानीत जे साधले नाही ते गावोगाव साधावे, असा त्यांनी निश्चय केला. धर्मगुरूंच्या बोलावण्यावरून ते एकेका धर्मग्रामात जात, सभा घेत, पेढीचा हिशेब कसा ठेवावा हे तेथील कार्यकर्त्यांना शिकवीत आणि पुढच्या गावी निघत. कित्येक ठिकाणी धर्मगुरूच पेढीच्या कामात पुढे झाले. १९०८ साली त्यांच्या साहाय्याने अमेरिकेतील मँचेस्टर नगरातील सेंट मेरीज धर्मग्रामात पेढी निघाली. त्या देशातील पहिली सहकारी पतसंस्था म्हणून ती ओळखली जाते. १९१३ साली पोप दहावे पायस यांनी देजार्दें यांना संत ग्रेगरी पदकाचा बहुमान दिला.

एवढ्या श्रमांनी शरीर थकले. मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना घरी खिळविले. तरी पत्रांच्या द्वारे त्यांचे मार्गदर्शन चालूच राहिले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी लेव्हिस येथे त्यांनी देह ठेवला. त्या वेळी सुमारे १४० लोकपेढ्या चालू होत्या, सभासद सुमारे ३०,००० होते आणि पेढ्यांची मालमत्ता ६० लक्ष डॉलरांवर गेली होती. सर्व पेढ्यांचा एक संघ व्हावा ही त्यांची इच्छा मात्र त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. पतीमागे दोरिमेनबाईंनी त्या कार्याची काळजी वाहिली. १९३२ साली प्रांतिक संघ स्थापन झाला व त्याच वर्षी त्याही प्रभूघरी गेल्या. लेव्हिस येथील त्यांचे घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे, आणि त्यांच्या नावाची सहकारी संस्था कानडात आजही मोठा कारभार करीत आहे.

हे वृत्त वाचताना वसईकर कॅथलिकाला परकेपणा वाटू नये. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली झाला, तोही युरोपातील त्याच सहकारी चळवळीचा धडा गिरवून. आणि १९१८ साली आपल्या वसईत कॅथलिक बांधवांनी सहकारी पतसंस्था उभी केली, तीच पुढे बँक झाली. एकाच झऱ्याचे पाणी दोन दूरच्या शेतांना मिळाले, असे म्हणता येईल.

मात्र संस्था मोठी झाली की तिचा आरंभ विसरला जातो. आज कर्ज मिळणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. पण घेतलेले कर्ज वेळेवर फेडणे, शेजाऱ्यासाठी जामीन राहताना आपला शब्द जपणे, आणि संस्थेच्या पदावर बसल्यावर तो पैसा आपला नसून भाजीची टोपली डोक्यावर वाहणाऱ्या माउलीच्या घामाचा आहे हे स्मरणे, या गोष्टी पूर्वीइतक्याच कठीण आहेत. ज्या गावात माणसाचा शब्द चालेनासा होतो, तेथे कितीही मोठी तिजोरी उपयोगी पडत नाही. आल्फोन्स व दोरिमेन या दांपत्याने आपल्या राहत्या घराची जोखीम पत्करून हा शब्द राखला. ज्युबिलीच्या या वर्षी आपल्या धर्मग्रामातही असे निःस्वार्थ सेवक व सेविका निपजोत, आणि जे आपल्यामध्ये आहेत त्यांना ओळखण्याची दृष्टी आपणास लाभो, हीच प्रभुचरणी नम्र प्रार्थना.