तिशीत पुन्हा विद्यार्थी : डॉ. अल्बर्ट श्वाइत्झर

डॉ. अल्बर्ट श्वाइत्झर यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. आफ्रिकेच्या जंगलात इस्पितळ उभारणारे, १९५२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेले, भरघोस मिशांचे डॉक्टर. मात्र ते डॉक्टर झाले तेव्हा त्यांचे वय काय होते आणि त्याआधी ते काय करत होते, हे फारसे सांगितले जात नाही. मला त्यांच्या आयुष्यातला तोच भाग अधिक मोलाचा वाटतो.

१४ जानेवारी १८७५ रोजी आल्सास प्रांतातील कायझर्सबर्ग गावी त्यांचा जन्म झाला. हा प्रांत तेव्हा जर्मनीत होता, आज तो फ्रान्समध्ये आहे. वडील प्रॉटेस्टंट पाळक होते. अल्बर्ट तान्हे असतानाच वडिलांची बदली गुन्सबाख या खेड्यात झाली. तेथे देऊळ एकच आणि ते कॅथोलिक व प्रॉटेस्टंट अशा दोघांचे! कॅथोलिकांची मिसा आणि प्रॉटेस्टंटांची उपासना एकाच छताखाली वेगवेगळ्या वेळी होत असे. छोटा अल्बर्ट आपल्या बाकावरून कॅथोलिक वेदीकडे, तेथील सोनेरी झळाळीकडे बघत बसे. वेगळ्या रीतीने प्रार्थना करणाऱ्यांविषयी आपल्या मनात आपुलकी रुजली ती तेथे, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले.

मुलगा हुशार निघाला. स्ट्रासबर्ग विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकला. १८९९ मध्ये तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळाली. पॅरिसला विडोर या नामवंत संगीतकाराकडे ऑर्गनचे धडे घेतले. १९०३ मध्ये धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृह-महाविद्यालयाचे ते प्रमुख झाले. संगीतकार बाख यांच्यावरील त्यांचा ग्रंथ १९०५ मध्ये आला. येशूच्या जीवनाविषयीच्या संशोधनावरील ग्रंथ १९०६ मध्ये आला. (त्यांची धर्मशास्त्रीय मते आपल्या चर्चला मान्य होण्यासारखी नव्हती. त्यांच्या पंथातल्या अनेकांनाही ती रुचली नाहीत.) थोडक्यात, तिशीच्या आत नाव, पद, राहायला घर, सारे काही होते.

पण १८९६ च्या पेन्टेकॉस्टच्या सुट्टीत, एकविसाव्या वर्षी, त्यांनी मनाशी एक गोष्ट ठरवून टाकली होती. आपल्याला एवढे सुख मिळाले, ते गृहीत धरून चालणार नाही. तिसाव्या वर्षापर्यंत विद्या आणि कला यांसाठी जगायचे. त्यानंतर माणसांची प्रत्यक्ष सेवा करायची. कोणती सेवा, हे ठरत नव्हते. अनाथ मुलांना सांभाळण्याचा विचार झाला, बेघर आणि तुरुंगातून सुटलेल्या लोकांसाठीही काम करून पाहिले. मग १९०४ च्या शरद ऋतूत पॅरिस मिशनचे एक मासिक त्यांच्या टेबलावर पडलेले होते. त्यात आफ्रिकेतील गॅबनमधल्या मिशनला माणसे मिळत नाहीत, असा लेख होता. तो वाचून संपवला आणि श्वाइत्झर शांतपणे आपल्या कामाला लागले. शोध संपला होता.

लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य आणि लाजरस यांचा दाखला त्यांच्या मनात घर करून होता. औषधे आणि ज्ञान यांनी संपन्न असलेला युरोप म्हणजे तो श्रीमंत मनुष्य, दारात पडलेली आफ्रिका म्हणजे लाजरस, असे ते मानत.

मग धर्मोपदेशक म्हणूनच का गेले नाहीत? ते तर त्यांना येतच होते! कारण इतकी वर्षे ते शब्दांनीच सेवा करत आले होते. आता प्रेमाच्या धर्माविषयी बोलायचे नाही, तो हातांनी करायचा, आणि त्यासाठी डॉक्टर व्हायला हवे, असे त्यांनी ठरवले.

१३ ऑक्टोबर १९०५ रोजी पॅरिसमधील एका टपालपेटीत त्यांनी पत्रे टाकली. आईवडिलांना आणि जवळच्या मित्रांना कळवले की, या हिवाळ्यापासून मी वैद्यकीय शिक्षण सुरू करत आहे. एका पत्रात महाविद्यालयाच्या पदाचा राजीनामा होता. मग वादळ उठले. नातेवाईक म्हणाले, आधी आम्हाला विचारले का नाही? विडोर गुरुजी तर रागावलेच. सेनापतीने बंदूक घेऊन पहिल्या रांगेत लढायला जावे तसा हा प्रकार आहे, असे त्यांचे म्हणणे. कोणी प्रेमभंगाची शंका घेतली, कोणी प्रसिद्धीच्या हव्यासाची. रोज प्रार्थनेला येणारी, सेवेवर बोलणारी माणसेच सर्वांत जास्त अडवत होती, याचे श्वाइत्झर यांना दुःख झाले. आपल्या घरातला मुलगा चांगली नोकरी सोडून असे काही म्हणाला, तर आपण तरी काय वेगळे बोलू?

वैद्यक शाखेचे प्रमुख त्यांचे म्हणणे ऐकून चकित झाले. यांना मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे असेच त्यांना वाटले. शिवाय अडचण कायद्याची होती. विद्यापीठात शिकवणारा माणूस तेथेच विद्यार्थी कसा होणार? शेवटी सरकारने खास परवानगी दिली आणि प्राध्यापकांनी वर्गाची फीही माफ केली. ऑक्टोबरअखेर एका दाट धुक्याच्या दिवशी तिशीतले हे प्राध्यापक शरीररचनेच्या पहिल्या तासाला जाऊन बसले.

पुढची वर्षे फार कष्टाची गेली. एकीकडे स्वतः शिकवणे चालूच होते. जवळजवळ दर रविवारी प्रवचन, रात्री लेखन, मध्येच पॅरिसला ऑर्गनवादन. थकवा कायमचा सोबती झाला. निसर्गविज्ञानाचा अभ्यास मात्र त्यांना फार आवडला. धर्मशास्त्रात मतांवर मते रचली जातात, येथे प्रत्येक विधानाला पुरावा द्यावा लागतो, याचे त्यांना समाधान वाटे. पण आवड असली तरी पाठांतर होईना! स्मरणशक्ती विशीतल्या पोरांसारखी राहिली नव्हती. परीक्षेपुरता अभ्यास करणे त्यांना कमीपणाचे वाटे. अखेर शेवटच्या आठवड्यांत वर्गमित्रांच्या अभ्यासगटात सामील झाले, जुने प्रश्न घोकले आणि १९०८ मध्ये पहिली मोठी परीक्षा पार पडली.

अंतिम परीक्षा १९११ च्या अखेरीस झाली. तिची फी त्यांनी त्या वर्षी म्युनिकमध्ये ऑर्गन वाजवून मिळवली. १७ डिसेंबरला शेवटची तोंडी परीक्षा देऊन ते इस्पितळाबाहेर हिवाळ्याच्या अंधारात आले, तेव्हा हे सगळे खरेच संपले यावर त्यांचा विश्वास बसेना. वय छत्तीस.

१९१२ मध्ये हेलेन ब्रेस्लाउ यांच्याशी विवाह झाला. त्या प्राध्यापकाची कन्या. अनाथ मुलांच्या देखरेखीचे काम करत होत्या. आफ्रिकेसाठी त्यांनीही परिचारिकेचे शिक्षण घेतले. त्यांच्याविषयी फारच कमी लिहिले जाते, ही खंत वाटते. मिशनला श्वाइत्झर यांची धर्ममते नको होती. तेव्हा आपण प्रवचन करणार नाही, फक्त औषध देऊ, आणि खर्चही स्वतः उभा करू, असे त्यांनी कबूल केले. १९१३ च्या गुड फ्रायडेला दोघे गुन्सबाखहून निघाले. १६ एप्रिलला ओगोवे नदीकाठच्या लांबारेनेला पोहोचले. दवाखान्याला जागा नव्हती, म्हणून कोंबड्यांचे खुराडे साफ करून तेथे तपासणी सुरू झाली. पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे दोन हजार रुग्ण आले.

पण पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. जर्मन नागरिक म्हणून फ्रेंच वसाहतीत दोघांवर पहारा बसला, १९१७ मध्ये कैदी म्हणून फ्रान्सला नेले. कर्ज आणि आजारपण घेऊन ते परतले. १९२४ मध्ये श्वाइत्झर पुन्हा लांबारेनेला गेले तेव्हा इमारती कोसळल्या होत्या, रान माजले होते. एकोणपन्नासाव्या वर्षी पुन्हा छपरांपासून सुरुवात! १९२७ मध्ये नवे इस्पितळ उभे राहिले. नोबेलची रक्कम कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला गेली.

ते दोषरहित होते असे नाही. आफ्रिकी माणसाला ते धाकट्या भावासारखे मानत, बरोबरीचे नव्हे, ही टीका योग्यच आहे. घरालाही मोठी किंमत द्यावी लागली. हेलेन यांची प्रकृती ढासळल्याने त्या वर्षानुवर्षे युरोपात राहिल्या, आणि १९१९ मध्ये जन्मलेली एकुलती एक मुलगी रेना वडिलांपासून दूर वाढली.

४ सप्टेंबर १९६५ रोजी नव्वदाव्या वर्षी लांबारेनेलाच त्यांचे निधन झाले. त्यांना तेथेच पुरले. चार मुलांची आई झाल्यावर रेना यांनी प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे शिक्षण घेतले होते आणि त्या वडिलांच्या इस्पितळात येऊन काम करू लागल्या होत्या. वडिलांच्या मागे काही वर्षे इस्पितळाची जबाबदारी त्यांनीच सांभाळली.