अगाध सागराचे शोधक : डॉ. आल्फ्रेड अल्कॉक

अंधेरीजवळच्या वेसाव्यास किंवा बोरिवलीजवळच्या गोराईस दांड्यांवर वाळत घातलेले बोंबील कोणीं पाहिले नाहींत? परंतु या बोंबलाचा एक भाऊबंद खोल समुद्रांत राहतो, हें थोड्यांसच ठाऊक असेल. १८९१ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रथम करणारे डॉ. आल्फ्रेड विल्यम अल्कॉक यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणावें असें आहे.

त्यांचा जन्म १८५९ सालीं मुंबईस झाला. वडील जहाजाचे कप्तान होते. इंग्लंडांत शिक्षण चालू असतां १८७६ मध्यें वडिलांस मोठें द्रव्यनुकसान सोसावें लागलें व मुलाची शाळा सुटली. सतराव्या वर्षीं अल्कॉक वायनाडच्या कॉफीच्या मळ्यांत आले. पुढें कलकत्त्यास एका पेढींत नोकरी मिळाली, तर ती पेढीच बंद पडली. मग पुरुलियास चहामळ्यांसाठीं मजूर मिळविण्याचें काम पत्करावें लागलें. तेथें एका परिचितानें मागें ठेवलेलें शरीरशास्त्रावरील छोटेंसें पुस्तक त्यांच्या हातीं आलें, आणि विद्येची ओढ पुन्हां जागृत झाली. १८८५ मध्यें अॅबर्डीन येथें वैद्यकाची पदवी मिळवून ते सरकारी वैद्यकीय खात्यांत शिरले.

१८८८ मध्यें ‘इन्व्हेस्टिगेटर’ या समुद्रपाहणीच्या जहाजावर डॉक्टर व प्राणिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. हें जहाज १८८१ मध्यें मुंबईच्याच गोदींत बांधलेलें होतें. त्यावरून शेंकडों वाव खोल जाळें सोडीत. हजार वावांवर पाण्याचा दाब पृष्ठभागावरील हवेच्या दाबाच्या सुमारें १८० पट असतो. तेथें गडद अंधार व कडक गारठा. कित्येक मासे वर येतां येतांच मरत. दाब कमी होऊन अंगांतील वायु फुगे व पोट तोंडावाटे बाहेर येई. कोणाचे डोळे अंधुक प्रकाश टिपण्यास मोठे झालेले, कोणाच्या अंगावर स्वयंप्रकाशी ठिपके. अरबी समुद्रांत सांपडलेल्या, विजेचा धक्का देणाऱ्या एका पाकटाचे डोळे तर अगदींच निकामी झालेले होते. अंधारांत त्यांचा उपयोग तो काय?

१८९३ पासून कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे अधीक्षक असतां त्यांनीं हिंदी समुद्रांतील खोल पाण्याच्या माशांची वर्णनात्मक सूचि १८९९ मध्यें प्रसिद्ध केली. १९०१ मध्यें ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. १९३३ सालीं इंग्लंडांत त्यांचा अंत झाला.

त्यांनीं प्रथम वर्णिलेल्या माशांच्या शास्त्रीय नांवांपुढें त्यांचें नांव आजहि लिहिलें जातें. शाळा सुटली तरी विद्या सोडूं नये, हाच या चरित्राचा बोध होय.